रस्त्याकडेचा पिवळा तुकडा

आमच्या धंद्यात एक गंमत आहे बघा. आकडे मागितले की कुणी देत नाही, आणि किस्से न मागता मिळतात! एखाद्या गावात उन्हातान्हात हिंडून माहिती गोळा करावी, तर निम्म्या रकान्यांत "सांगता येत न्हाय". आणि त्याच गावातनं परत येताना किश्शांनी मात्र गाडी भरलेली!

बेळगावात शहापूरला आमचं ऑफिस आहे. खाली माग चालतात, वर आम्ही. चहा आला की एकजण सुरू करतो, दुसऱ्याला त्यावरनं आठवतो, तिसरा म्हणतो, "हे तर काहीच न्हाय!" आणि मग कामाचं कोण बघतंय? आता इतके साठलेत की काही बाहेर काढल्याशिवाय नव्यांना जागा होणार नाही. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावं.

*

मी सांख्यिकीतज्ज्ञ. म्हणजे स्टॅटिस्टिशियन. एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन शेजारच्या शांताकाकूंकडं गेले.

"कशात केलीस गं?"

"स्टॅटिस्टिक्समध्ये, काकू."

"म्हणजे आता काय करूलीस?"

झालं! मला कुणी हे विचारायचाच अवकाश. मी उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं. थोड्या माणसांना विचारून सगळ्या गावाचा अंदाज कसा बांधतात, तो किती चुकू शकतो तेही आधीच कसं सांगता येतं! शितावरून भाताची परीक्षा, पण हिशेबानं! काकूंनी पेढा संपेपर्यंत नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "कळलं. पुढल्या खानेसुमारीला दारावर नंबर घालायला तूच ये बाई. मागच्या मास्तरानं नव्या रंगावर काळ्या ऑइल पेंटनं घातलाय!"

काकूंचं सोडा. आमचे आप्पा! बेळगावच्या कोर्टात सगळं आयुष्य काढलेले वकील. ते माझी ओळख करून देताना कधी म्हणायचे, "ही गणितात आहे." कधी, "कॉम्प्युटरमध्ये आहे." एका लग्नात तर चक्क, "सरकारी कामात असते!" मी बाजूला नेऊन विचारलं, "आप्पा, जे आहे ते का सांगत नाही?"

"मलाच अजून कळलेलं नाही. उद्या कुणी उलटतपासणी घेतली तर काय सांगू?"

वर आमचा मामा बेंगळूरला. तिथल्या एका विमा कंपनीत त्यानं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेला. आप्पांचा जीव त्या नोकरीत, माझा जीव बेळगावात. मला हितलीच माणसं, हितलीच शेतं, हितलेच आजार घेऊन काम करायचं होतं. आता जे किस्से सांगते ना, त्या सगळ्यांच्या मागं बापलेकीची ही कुस्ती सतत चालू होती, एवढं ध्यानात ठेवा.

*

पहिली नोकरी एका मेडिकल कॉलेजात, कंत्राटी. पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर प्रबंध लिहायचे आणि आकडेमोडीला माझ्याकडं यायचे. त्यांना एकच गोष्ट हवी असायची. पी व्हॅल्यू! दोन औषधांत दिसणारा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो का, ते सांगणारा हा आकडा. तो लहान आला की डॉक्टर खूश, डॉक्टरांचे सर खूश.

एकदा एक डॉक्टर घाईघाईनं आत आला.

"म्याडम, पी व्हॅल्यू पाहिजे होती."

"डेटा आणलाय?"

"डेटा येतोय की. पण सर म्हणालेत, पॉइंट झिरो फाइव्हच्या खालचीच घेऊन ये."

"डॉक्टर, मंडईत मिरच्या घ्यायला आलाय का? बारीक बघून द्या म्हणायला!"

तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात परत आला तो प्रबंध घेऊनच. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, सगळं तयार! मी उघडून बघते तर सुरुवातीला प्रस्तावना, शेवटी निष्कर्ष, आणि मधली पानं कोरी.

"कन्क्लूजन छापून झालंय म्याडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मध्ये जागा सोडलीय. तेवढा डेटा बसवून द्या!"

*

त्याच कॉलेजात गुडघेदुखीच्या दोन मलमांची चाचणी होती. कुठल्या पेशंटला कुठलं मलम, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही. बंद पाकिटं ठेवायची, पेशंटनं त्यातलं एक काढायचं, निघेल ते मलम. म्हणजे डॉक्टरांचा लाडका पेशंट लाडक्या मलमाला जात नाही. साधी गोष्ट! पण पेशंटला पटवताना डॉक्टरांच्या तोंडाला फेस यायचा. "म्हंजे डाक्टरलाच म्हाईत न्हाय व्हय कुठलं चांगलं?" म्हणून लोक चपला घालायचे.

मग खानापूरकडच्या सरोजा सिस्टर पुढं झाल्या. "सरा बाजूला," म्हणाल्या, आणि एका आज्जींच्या जवळ बसल्या. "आज्जी, ह्यात डाक्टरांचं काय चालत न्हाय आन् तुमचं बी न्हाय. देवाला कौल लावतो का न्हाय आपण? तसा कौल लावायचा. ईल ते आपलं."

आज्जींचा चेहरा उजळला. "मग आसं सांगायचं की आधी!"

मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते! एवढी पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलेलं नव्हतं. वॉर्डातले सगळे सही करायला तयार झाले. आता आज्जी पाकीट काढणार, तेवढ्यात त्यांनी हात मागं घेतला.

"पारोशी हाय मी. आंघोळ केल्याबिगर कौल कसा लावू?"

झालं! त्या दिवसापासनं सगळे पेशंट भल्या सकाळी आंघोळ करून, कपाळाला लावून हजर. एकानं तर नारळ आणला. उपास मोडल्यावर येतो म्हणणारे वेगळेच. आमचा पेपर बाहेर तपासायला गेला तेव्हा तपासनिसानं शंका काढली, "सर्व रुग्णांची निवड केवळ सकाळीच करण्यामागे शास्त्रीय कारण काय?"

विभागप्रमुखांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि उत्तर लिहिलं, "स्थानिक हवामान."

*

कंत्राट संपलं आणि मी शहापुरात हुद्दार सरांच्या ऑफिसात मुलाखतीला गेले. सर निवृत्त प्राध्यापक. कुणाला सर्वे करून दे, कुणाला प्रयोग आखून दे, असं त्यांचं काम. टेबलावर कुंद्याचे, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, दोन डबे!

"एक आजचा, एक कालचा," सर म्हणाले. "मी डोळे मिटून कुठला कुठला ते सांगतो. एक तर सिद्ध कर, नाहीतर खोटं पाड."

असली मुलाखत! मला तर काय करू आणि काय नको झालं. मी सारख्या वाट्या मागवल्या, सारखे चमचे मागवले. कुठल्या वाटीत कुठला कुंदा, ते नाणं उडवून ठरवलं. वाढायला बसूला बसवलं. बसू म्हणजे आमचा बसवराज, खेड्यापाड्यांतनं माहिती गोळा करून आणणारा, घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारा. वाट्या भरल्या की त्याला बाहेर घालवला, म्हणजे त्याच्या आवाजावरनं सरांना कळायला नको. सरांनी डोळे मिटले. "आजचा!... कालचा!... हं... थांब, अजून एक चमचा... आजचा!"

निम्मे बरोबर, निम्मे चूक. नुसतं छापा-काटा करून सांगितलं असतं तरी एवढेच जमले असते!

सर खुर्चीतनं उठलेच. "मी नापास! तुझी नोकरी पक्की!"

मी हवेत. काय माणूस आहे, स्वतःची हार बघून एवढा खूश होतो! पुढं टायपिस्टची मुलाखत झाली, तेव्हाही तेच दोन डबे. ड्रायव्हरची झाली, तेव्हाही तेच. मी बसूला गाठलं. "सर दर वेळी नापासच होतात?"

"दर वेळी, अक्का," बसू म्हणाला. "शुगर हाय की त्यांना. घरात बाई कुंद्याचं नाव काढू देत न्हाईत. म्हणून तर आमी एवढ्या मुलाखती घेतो. माणूस कुठं घेतो!"

*

बसूचं काम सगळ्यात अवघड. सर्वेला गेलं की सगळी घरं घ्यायची नसतात, ठरलेल्या अंतरानं एकेक घर घ्यायचं. मधली सोडायची. कागदावर सोपं आहे हो! आमच्याकडं एखाद्याच्या दारावरनं जाऊन त्याच्या शेजाऱ्याकडं बसून दाखवा बरं!

चिकोडीकडच्या एका गावात एक बाई भर रस्त्यात आडवी झाली. "तिच्याकडं च्या पिऊन आलास न्हवं? तिला एवढं इचारलंस, आन् आमचं घर काय वाळीत टाकलंय व्हय रं?"

"तसं न्हाय आक्का, शास्त्रात तुमचं घर येत न्हाय."

"कुठल्या शास्त्रात येत न्हाय? बोलीव त्या शास्त्र्याला!"

बसूनं कसंबसं त्या गावातलं काम उरकलं. पण पुढच्या गावापासनं तक्रार एकदम बंद! कशी काय, ते आम्हाला कळलं सरांना कपाटात गुलाबी कागदांचा गठ्ठा सापडला तेव्हा. छापील फॉर्म! प्रश्न काय, तर "घरात सगळे बरे का? पाऊस कसा आहे? सुना कशा आहेत? चहात साखर किती घालता?"

"बसू, हे काय?"

"सर, पांढरे फॉर्म शास्त्राचे, गुलाबी फॉर्म शेजाऱ्यांचे! सुटलेल्या घरात गुलाबी भरतो, च्या पितो, फुडं जातो."

आता सर भडकणार, हे आम्ही धरूनच चाललेलो. सरांनी चष्मा लावला आणि वाचायला बसले. एक झाला, दुसरा झाला, संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा वाचला. उठताना म्हणाले, "बसू, पांढऱ्यापेक्षा गुलाबीच जास्त खरे वाटतात रे!"

*

पावसाचं एक सांगते, लहानच आहे. कणकुंबीला सरांचे मित्र राहतात, राजाभाऊ. तिकडचा पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नको. सरांनी त्यांच्या परसात पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी बघून लिहायला सांगितलं. आकडे आले. बारीक रिपरिप झाली त्या दिवसांचे आकडे असे चोख की बघत राहावं. आणि जेव्हा ओढे रस्त्यावर आले, बस बंद पडली, तेव्हा शून्य!

सरांनी फोन लावला. "राजाभाऊ, सगळी कणकुंबी पाण्यात होती की त्या दिवशी! आणि तुम्ही शून्य कसं लिहिलंत?"

"अहो, तसल्या पावसात बाहेर कोण जाणार मोजायला?"

सर म्हणाले, "मग दाराजवळ घ्या तो." पुढच्या पावसाळ्यात एकही शून्य नाही. पण पाऊस दुप्पट! सर खुशीत, शोधनिबंधच लिहायला घेतला. तरी मी म्हटलं, एकदा बघून येऊ. गेलो. राजाभाऊंनी कौतुकानं दाखवला.

"दाराजवळ म्हणालात ना? बरोब्बर पागोळीखाली ठेवलाय. हात बाहेर काढला की झालं, भिजायलाच होत नाही!"

*

आता निपाणीकडं चला, कारण माझं सगळं तिथंच अडकलेलं होतं.

एका कंपनीनं सोयाबीनसाठी नवीन दाणेदार खत काढलेलं. ते खरंच चालतं का, हे बघायचं काम आमच्याकडं आलं. नीट झालं तर पुढं तीन वर्षांचं काम, म्हणजे ऑफिस तगणार आणि मी बेळगावात राहणार. नाही झालं तर मामा आणि बेंगळूर. सरळ हिशेब होता.

निपाणीजवळच्या एका गावातल्या आण्णासाहेबांनी रान दिलं. जैन शेतकरी, शब्दाला पक्का, तोंडात कधी शिवी नाही. रानाचे आम्ही तुकडे पाडले. काहींत कंपनीचं खत, काहींत नेहमीचं, आणि काही कोरे, म्हणजे खतच नाही. कुठल्या तुकड्यात काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे चांगल्या मातीचा फायदा एकालाच मिळायला नको. आण्णांच्या म्हाताऱ्या आईनं चिठ्ठ्या काढल्या. तेव्हापासनं त्या गावात माझं नाव "चिठ्ठीवाली आक्का".

कापणी झाली, मळणी झाली, वजनं झाली. मी आकडे मांडले आणि डोळे चोळले. कोरे तुकडे पहिले! कंपनीचं खत दुसरं! काहीच न घातलेलं सोयाबीन सगळ्यांत जास्त पिकलं!

मी कपाळाला हात लावून बसले. सर मात्र उड्या मारायच्या बेतात. "अगं, काहीतरी घडलंय! चल, चल!"

गेलो. आण्णा आधी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "आक्का, त्यो रस्त्याकडचा तुकडा कोरा निघाला न्हवं? पिवळा पडाय लागला. जानारं येनारं थांबून इचारायचं, आण्णा, रोग आलाय काय? आन् तशात पोरीला बघायला पावनं येनार, त्याच रस्त्यानं! रान बघून काय म्हनले असते? ह्यांनला सोयाबीन जमंना, पोरीला काय नीट वाढवली असंल? मग समदी जेवाय गेल्यावर घातला युरिया. वर शेनखताच्या बुट्ट्या."

"पण आण्णा, तो एकच तुकडा रस्त्याला होता. आतलेपण कोरे तुकडे हिरवेगार आले की!"

आण्णा दुखावल्यासारखे झाले. "आसं कसं आक्का? पंगतीत एकाला वाढायचं आन् बाकीच्यांनी बघत बसायचं? समद्यांना घातलं!"

सगळा हंगाम पाण्यात! मला रडावं का हसावं कळेना. आण्णांनी जाताना हातात पत्रिका ठेवली. "प्रयोग फसला खरा, पर सोयरीक जमली. जेवायला या!"

गेलो की. जिलबी फार छान होती.

*

घरी आप्पा म्हणाले, "झालं ना समाधान? आता मामाला कळवतो."

"अजून एक हंगाम द्या," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत इथं नाही जमलं, तर निमूट बेंगळूरला जाते. शब्द."

सरांनी कंपनीकडनंपण दुसरा हंगाम मागून घेतला, आणि ह्या वेळी आम्ही शहाणे झालेलो. रस्त्याकडचा तुकडा परत कोराच निघाला. आण्णांची अब्रू सांभाळायची, तर लोकांना कळायला पाहिजे की पिवळं पीक त्यांच्या हलगर्जीपणामुळं नाही. बसूनं रस्त्याकडेला मोठा बोर्ड ठोकला, "हे पीक आण्णासाहेबांचे नाही. प्रयोग चालू आहे." आण्णा खूश, त्यांचा युरिया घरात, आम्ही निर्धास्त.

एका संध्याकाळी आप्पा कोर्टातनं आले ते माझ्याकडं टक लावून बघतच राहिले.

"आज निपाणीचा एक पक्षकार आला होता. म्हणाला, वकीलसाहेब, आमच्या भावकीतल्या आण्णाचं रान कुणीतरी बळकावलंय. तसा बोर्डच लावलाय. आम्हाला स्टे पाहिजे. मी विचारलं, बळकावलंय कुणी? तर म्हणे, बेळगावची कोण बाई हाय, चिठ्ठ्या टाकून रानं वाटत सुटलीय!"

मी तोंडावर पदर धरला.

"हसू नकोस. तुझ्याविरुद्ध वकीलपत्र घ्यायची वेळ आली होती माझ्यावर!" आणि मग कोट खुंटीला लावत, "मळणी कधी आहे? मीपण येतो. बघू तरी हे काय चाललंय ते."

*

मळणीच्या दिवशी आप्पा आले. पांढरा शर्ट, काळी पॅंट, बांधावर उभे. आणि सुरू झाले!

"चिठ्ठ्या कुणी काढल्या?"

"आण्णांच्या आईनं."

"कुणासमोर?"

"सगळ्या गावासमोर."

"पोत्यांवर खताचं नाव आहे?"

"नाही. नुसते नंबर. वजन करणाऱ्या बसूला माहीत नाही कुठलं पोतं कुठल्या खताचं. कुणाकडं झुकायचं म्हटलं तरी त्याला झुकता येणार नाही."

"हं," आप्पा म्हणाले. परत "हं" म्हणाले. मग मशीन थांबेपर्यंत पोत्यांवरचे नंबर वाचत हिंडले.

बसू वजनं ओरडून सांगत होता, मी लिहीत होते, सर नंबर जुळवत होते. कंपनीचे मॅनेजर गाडीतनं उतरून आमच्या डोक्यावरच उभे. आण्णा आणि गावातली पाचसहा माणसं कोंडाळं करून. बारावीच्या निकालालापण मी इतकी घाबरले नव्हते!

हिशेब झाला. कोरे तुकडे मागं पडले, ते पडणारच. पण कंपनीचं खत आणि नेहमीचं खत, दोन्ही सारखी. फरक नाही.

मॅनेजर खाली बसले. आवाज एकदम गोड. "म्याडम, आमच्या ह्या तीन तुकड्यांत उतारा कमी आहे बघा. तिकडं पाणी साचलं होतं. हे तीन गाळा, मग बघा कसा फरक दिसतो."

"पाणी शेजारच्या नेहमीच्या खताच्या तुकड्यांतपण साचलं होतं, साहेब. मग तेपण गाळावे लागतील. आणि ते गाळले की परत सारखंच."

"ते राहू देत. आमचे तेवढे तीनच गाळा. पुढच्या तीन वर्षांचं काम तुमचं, आत्ता इथं सांगतो."

सर माझ्याकडं बघत होते. "काम तुझं आहे," एवढंच म्हणाले.

खोटं कशाला सांगू, पेन त्या तीन आकड्यांवर नेलंही. तीन तुकडे! तीन रेघा मारल्या असत्या तर मी बेळगावात होते. दिवाळी तोंडावर आलेली, शब्द दिलेला. डोळ्यांसमोर बेंगळूरची गाडी उभी राहिली. आणि तरी तोंडातनं आलं, "नाही गाळता येणार."

मॅनेजर उठले ते थेट आप्पांकडं वळले. "वकीलसाहेब, तुम्ही जाणते आहात. पोरीला जरा समजवा की. एवढे तीन तुकडे बाजूला काढले तर काय बिघडतं?"

आप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"साहेब," ते म्हणाले, "साक्षीदार फोडताना मी लई वेळा बघितलंय. शेत फोडायला आलेला तुमच्यासारखा पहिलाच बघतोय!"

बसूच्या हातातलं पोतं खाली पडलं. मॅनेजर गाडीत बसले, दार आपटलं, धुरळा उडाला. गेले. तीन वर्षांचं कामपण गेलं.

मी कागद गोळा करायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलेलं ते कोंड्यानं आलं म्हणून पुसून टाकलं.

तेवढ्यात आण्णा पुढं आले. त्यांच्या मागं ती पाचसहा माणसं.

"आक्का, ह्ये सायेब पैशे देनार हुते, तरी त्यांच्या तोंडावर त्यांचं खत चालत न्हाय म्हनून सांगितलंसा. आमाला हितं दर साली एक नवा यून एक नवी पिशवी गळ्यात मारतोय. खरं कुठलं आन् खोटं कुठलं कळतच न्हाय. आमच्या शेतकरी मंडळाची समदी खरेदी एकत्र आसती. खत, बेनं, औषध, काय बी घ्यायच्या आधी तुमी आसंच बघून द्याल काय? रान आमी देतो."

"हळदीचं बेनं बी बघा," एकजण म्हणाला.

"आन् उसाचं त्ये बाटलीतलं," दुसरा.

"आदी हळद!" पहिला परत.

सगळे एकदम बोलायला लागले. बांधावर नुसता गलका! बसू पोत्यावर बसून नावं विचारायला लागला. सर कुणालातरी सांगत होते, चिठ्ठ्या मात्र आजीच काढणार. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होते की रडत होते, देव जाणे.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. मामा. गलक्यात ऐकू येईना म्हणून आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला आणि रस्त्याकडच्या त्या पिवळ्या तुकड्यात जाऊन उभे राहिले.

"भाऊजी, कंपनीवाले घाई करतायत. ती कधी येतेय मग?"

"जमणार नाही तिला यायला. इथं केस उभी राहिलीय."

"केस? कसली केस?"

"खताची. मग हळदीची. उसाची पण आहे म्हणतात."

"बापरे! मग तुमच्यामागं भलतीच धावपळ लागली म्हणायची."

"छे, छे!" आप्पा तिथनंच ओरडले. "वकील ती आहे रे! मी ज्युनियर!"